रविवार मंडळीचा

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गणेशखिंडीच्या वसतिगृहात येऊन तुला महिनाही झाला नाही आणि चार ठिकाणांहून बोलावणी आली आहेत. वर्गातली मल्याळी मुलगी मंगळवारच्या प्रार्थना गटाला चल म्हणते. वरच्या मजल्यावरच्या नागा मुली शनिवारी गाणी म्हणायला जमतात. कोणी तुला मोठ्या सभागृहातल्या इंग्रजी उपासनेचं पत्रक दिलंय. आणि एक ताई रोज रात्री फोन करून सांगते, की बाळपणी झालेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. तू विचारतेस, यांतलं कुठे जाऊ?

जावं की नाही, हा प्रश्न मी घेतच नाही. रोज संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत वाढलेल्या मुलीला ते सांगायला नको. पण तुझ्या चार पानांच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही, आणि म्हणून मी लगेच लिहायला बसले. रविवारी सकाळी तू कोणत्या चर्चमध्ये जातेस, हे तू लिहिलेलं नाहीस. जात नसशील, म्हणूनच लिहिलं नाहीस.

तर आधी ते. रविवार मंडळीचा. मंगळवार, बुधवार, शनिवार, जो हवा तो दिवस फेलोशिपला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रार्थना गटाला दे, पण रविवार मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सगळ्या लहानथोरांचा. हे पक्कं केलंस की तुझ्या चारांपैकी निदान दोन प्रश्न आपोआप सुटतात.

फेलोशिपमध्ये सगळे अठरा ते चोवीस वयाचे. तिथे म्हातारं माणूस नाही, रडणारं बाळ नाही, नोकरी गेलेला बाप नाही, विधवा नाही. तिथे प्रभुभोजन नाही, बाप्तिस्मा नाही, लग्न लागत नाही, मर्तिक होत नाही. तुझी एमएस्सी दोन वर्षांची, त्यानंतर तो गट तुझा राहत नाही. आणि तेव्हा काय होतं, ते मी सतत पाहते. ज्यांनी सगळा विश्वास फेलोशिपवर उभा केला, ती मुलं पदवीनंतर नोकरीच्या गावी जातात आणि तिथल्या साध्या मंडळीत त्यांना करमत नाही. उपदेश लांब वाटतो, पेटीचा सूर जुना वाटतो, ओळखीचं कोणी नसतं. दोन-चार रविवार जातात, मग थांबतात. ती वाईट मुलं नव्हेत. गटात सर्वांत जास्त प्रार्थना करणारी हीच असतात. मला खंत आहे ती त्यांचीच.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ काढला, ते तुला शाळेत कोणी सांगितलं नसेल. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, मिशनच्या चौकटीबाहेर, आपल्या मातीतल्या रीतीनं, ही त्यांची तळमळ. कल्पना थोर होती, मला आजही ती प्रिय आहे. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ चालला नाही. टिळकांची गीतं मात्र टिकली, कारण ती दर रविवारी गाणारी मंडळी मागे होती. एवढ्या मोठ्या माणसाच्या दरबाराची ही गत, तर तुमच्या वसतिगृहातल्या गटाची काय कथा!

आता गटांबद्दल. नावं कळली की गोंधळ कमी होईल. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट, म्हणजे एससीएम, भारतात 1912 पासून आहे. युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया, म्हणजे यूईएसआय, 1954 पासून. कॅथलिक मुलांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन, म्हणजे आयकफ, 1924 पासून. पहिल्या दोहोंत फरक का, याचं मूळ इंग्लंडात आहे. 1910 साली केंब्रिजमधली ख्रिस्ती विद्यार्थी संघटना एससीएमपासून वेगळी झाली. पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अधिकार आणि येशूच्या वधस्तंभावरच्या मरणाचा अर्थ यांवर तडजोड नको, असं तिचं म्हणणं होतं. ती रेघ आपल्यापर्यंत आली. म्हणून यूईएसआयच्या गटात तुला पवित्र शास्त्राचा अभ्यास, रोजचं मनन आणि मित्रांना साक्ष देणं, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगणं, यांवर भर दिसेल. एससीएममध्ये न्याय, जात, स्त्रिया, इतर धर्मीयांशी संवाद हे विषय जास्त. मंगळवारचा तुझा गट यूईएसआयच्या प्रकारचा दिसतो. तिथे जा. पवित्र शास्त्र वाचायची शिस्त या वयात लागली नाही तर पुढे लागणं कठीण. पण जातीचा प्रश्न आपल्या लोकांना टाळता येत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही, हे तुझ्या घरानं भोगलंय. गटात तो विषय निघाला आणि सगळे गप्प झाले, तर तू गप्प बसू नकोस.

कोणत्याही गटात पाऊल टाकण्याआधी चार गोष्टी विचार. संघटनेचं पूर्ण नाव काय? जबाबदार वडीलधारं माणूस कोण? पैसे कोण सांभाळतं आणि हिशेब कोणापुढे वाचला जातो? आणि चौथी, माझ्या दृष्टीनं पहिली: तुम्ही स्वतः रविवारी कुठे जाता? चांगला पुढारी लगेच चर्चचं नाव सांगेल आणि ‘तू पण चल’ म्हणेल. ‘आमचा गट हीच आमची मंडळी’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत ये. ‘नुसता बायबल अभ्यास आहे’ म्हणत नावच सांगत नसतील, घरी किंवा पाळकांना, म्हणजे आपल्या चर्चच्या धर्मगुरूंना, सांगू नकोस म्हणत असतील, तर चहाही नको. लपवून शिकवलं जाणारं शास्त्र आपलं नव्हे.

मंगळवारी गेलीस की अभ्यास कसा घेतात ते बघ. बरी बैठक साधारण एक तासाची असते: दहा मिनिटं गाणी, छोटी प्रार्थना, पस्तीस-चाळीस मिनिटं अभ्यास, उरलेल्या वेळात एकमेकींसाठी विनंत्या. माणसं पाच ते आठ. दहाच्या वर गेली की दोनच बोलतात आणि बाकीच्या माना हलवतात. तेव्हा गट फोडायला हवा. पद्धत तीन पायऱ्यांची: काय लिहिलंय, त्याचा अर्थ काय, माझ्यासाठी काय. बहुतेक गट पहिली पायरी दोन मिनिटांत उरकून तिसरीवर उडी मारतात. मग शास्त्र बाजूला राहतं आणि ज्याला त्याला आधीच जे वाटत होतं तेच बोललं जातं. मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घे, पक्षाघाती माणसाची गोष्ट, पहिल्या बारा ओव्या. ‘येशू बरं करतो असा तुमचा विश्वास आहे का?’ हा वाईट प्रश्न. सगळ्या हो म्हणतील आणि विषय संपेल. ‘येशूनं कोणाचा विश्वास पाहिला?’ हा चांगला प्रश्न. मग सगळ्यांना पाचवी ओवी पुन्हा वाचावी लागते आणि कळतं, की त्यानं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, खाट उचलून आणणाऱ्यांचासुद्धा. असा एक प्रश्न तयार करायला तासभर घरी बसावं लागतं. तुझी पाळी येईल तेव्हा बस. मार्कचे अध्याय सोळा आहेत. दर आठवड्याला एक धरला तर एका सत्रात जवळजवळ सगळं शुभवर्तमान होतं. पुढारी ओव्या शोधत इथून तिथे उड्या मारत असेल तर त्याला नम्रपणे सांग, की एक पुस्तक सलग वाचू या.

बैठक इंग्रजीतून चालेल. तू मराठी पवित्र शास्त्र घेऊन जा आणि प्रार्थना मराठीतच कर. हे मी आग्रहानं सांगते. तुझी आजी ज्या भाषेत देवाशी बोलते ती भाषा पुण्यात येऊन कमी दर्जाची होत नाही. नागा मुली त्यांच्या भाषेत प्रार्थना करतात तेव्हा तुला छानच वाटतं ना? शब्द न कळता ‘आमेन’ म्हणता येतं. शिवाय मराठी उपासनेत बसायची सवय सुटली, तर गावच्या मंडळीत तू पाहुणी होशील. रविवार मंडळीचा, तो यासाठीसुद्धा.

त्या फोनवाल्या ताईबद्दल. तुमची मंडळी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सीएनआय स्थापन झाली तेव्हा वेगवेगळ्या परंपरांच्या सहा चर्चसंस्था एकत्र आल्या. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच देणारे बाप्टिस्टही होते. दोन्ही रीती मान्य करून ते एका छताखाली आले. विद्वान आणि देवभीरू माणसांनी वर्षानुवर्षं बसून जे जुळवलं, ते रात्री अकराच्या फोनवर मोडू देऊ नकोस. तिला एकच वाक्य सांग: ‘माझ्या पाळकांशी बोला.’ तुझं दृढीकरण झालंय, तेव्हा तू स्वतःच्या तोंडानं कबुली दिली आहेस. शंका असेल तर सुट्टीत घरी गेलीस की पाळकसाहेबांसमोर बसून विचार, लाजू नकोस. आणि जी व्यक्ती तुझे फोन, तुझी झोप, तुझ्या मैत्रिणी, पुढे तुझं लग्न ठरवायला बघते, ती कितीही गोड बोलली तरी तुझी आत्मिक बहीण नव्हे.

वेळेचं बोलू. आठवड्यात फेलोशिपला तीन तास पुरे: एक बैठक, थोडी तयारी, एखादी प्रार्थना. पाच-सहा तास मागू लागले तर नाही म्हण. प्रयोगशाळेतलं काम टाकून प्रार्थनेला येणं म्हणजे समर्पण, असं शिकवणाऱ्यांवर मला राग येतो. तुझ्या वडिलांनी कर्ज काढलंय. परीक्षेच्या महिन्यात गट अर्ध्या तासावर आण, हवं तर एखादी बैठक चुकव, पण रविवार चुकवू नकोस. वर्षातून एखादं शिबिर रविवारी आलं तर हरकत नाही. दर महिन्याला रविवारीच कार्यक्रम ठेवणारा गट मंडळीच्या वाटेत उभा आहे. वसतिगृहाच्या खोलीत रेक्टरच्या लेखी परवानगीशिवाय बैठक घेऊ नका, कोणाच्या तरी घरी घ्या. बैठक किती वाजता संपते ते आधी विचार, गेट बंद व्हायच्या अर्धा तास आधी दारात असलं पाहिजे आणि एकटीनं परतायचं नाही. खोलीतल्या मैत्रिणीनं विचारलं तर विश्वासाबद्दल मोकळेपणानं बोल. संविधानाच्या 25 व्या कलमानं तो हक्क तुला दिलाय. तिनं विचारलं नाही तर तिच्या आजारपणाचं, अडचणीचं निमित्त करून बोलू नकोस. मदत कर आणि मदतीपाशीच थांब.

तू म्हणशील, मावशी स्वतः इतकी वर्षं या गटांची सल्लागार, आणि हीच फेलोशिपचं महत्त्व कमी करते. हे मला गटातली मुलं तोंडावर म्हणतात. पुढारी म्हणतात, तुमच्यामुळे आमची रविवारची सभा बसत नाही. बसू नयेच. मी फेलोशिपवर प्रेम करते म्हणूनच तिला तिच्या जागी ठेवते. जो गट आपल्या मुलांना मंडळीत रुजवतो तो दोन वर्षांत चाळीस वर्षांचं काम करतो. जो त्यांना मंडळीपासून तोडतो, त्यानं कितीही उपवास प्रार्थना केल्या तरी मी त्याला यशस्वी म्हणणार नाही. मला जुनाट म्हणा, हट्टी म्हणा. पाळक कंटाळवाणे असतात, कमिटीत भांडणं असतात, सगळं मला माहीत आहे. त्या कमिटीत मीही बसते. तरीही रविवार मंडळीचा. भांडणाऱ्या माणसांबरोबर प्रभुभोजनाच्या एका भाकरीत वाटेकरी होणं हे तुझ्याच वयाच्या, तुझ्याच आवडीच्या मुलींत बसून शिकता येत नाही.

येत्या रविवारी गुरुवार पेठेत पंचहौदच्या चर्चला जा. मराठी उपासनेची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचार आणि गणेशखिंडीहून तासभर आधी नीघ, रविवारी सकाळी बस कमी असतात. मागच्या बाकावर बसून लगेच पळू नकोस. उपासना संपली की दारात पाळकांना सलाम कर आणि गावाचं नाव सांग. निम्मी ओळख तिथेच निघेल. मन लागलं नाही तर आणखी दोन चर्च बघ, पण महिन्याभरात एक ठरव आणि पुन्हा बदलू नकोस.

आणि आजच घरी फोन करून पाळकसाहेबांकडून शिफारसपत्र मागव. त्यात तुझं पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची तारीख व ठिकाण, आईवडिलांचं सभासदत्व, एवढं हवं. सही आणि मंडळीचा शिक्का विसरू नका म्हणावं, नाहीतर इथली कमिटी परत पाठवते. मूळ पत्र इथल्या पाळकांना दे, एक झेरॉक्स तुझ्या फाइलमध्ये ठेव.

तुझी,
मावशी