वर्तुळ शुभ, मग 'वाटोळं' अशुभ कसं?

कोल्हापुरातल्या पेठेतल्या एका मंडळासाठी प्रश्नकर्त्यांनी गोल बोधचिन्ह केलं. ते बघून एक ज्येष्ठ म्हणाले, "मंडळाचं वाटुळं केलंस की रं!" चेष्टा सोडली तरी प्रश्न उरतोच. वर्तुळ हे पूर्णत्वाचं, मांगल्याचं चिन्ह असेल, तर वाटोळं होणं म्हणजे नाश कसा?

दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृत 'वर्तुल' जवळजवळ तसाच उचलला, तो 'वर्तुळ' होऊन भूमितीच्या पुस्तकात बसला. तोच शब्द लोकांच्या तोंडी झिजत गेला, 'र्त'चा 'ट्ट' झाला आणि शेवटी 'वाटोळा' हाती आला. 'वर्त्म'ची 'वाट' झाली तीही अशीच. 'वाटोळा' हे विशेषण आजही निव्वळ आकार सांगतं. वाटोळा चेहरा, वाटोळी भाकरी यांत वाईट काहीच नाही. नाश चिकटतो तो नपुंसकलिंगी 'वाटोळं'ला, तेही 'होणे' किंवा 'करणे' सोबत आलं की.

हा अर्थ कुठून आला असावा? माझ्या मते मधली पायरी शून्याची. हिशेबाच्या शेवटी वाटोळं उरलं, म्हणजे काहीच उरलं नाही. शून्याबद्दल आपल्याला पूर्वीपासून अढी आहे. आहेराच्या पाकिटात १०० नाही, १०१ रुपये घालतात. जुन्या मराठीत शून्याला चक्क 'पूज्य' म्हणत, आणि 'त्याचं गणिताचं ज्ञान पूज्यच' हा टोमणा अजून ऐकू येतो. देवापुढचा नारळ आपण फोडत नाही, 'वाढवतो'. त्याच चालीवर नको असलेल्या शून्याला मानाचं नाव मिळालं असावं. शाळेत मात्र असला मान नाही. तिथे सरळ भोपळा.

आता त्या ज्येष्ठांच्या वाक्याकडे. 'मंडळ' म्हणजेच मुळात वर्तुळ. सूर्यमंडळ, नक्षत्रमंडळ यांत तो अर्थ अजून दिसतो. गोल करून बसलेली माणसं ती मंडळी, आणि पावतीपुस्तक छापलं की तेच मंडळ! म्हणजे मंडळाचं वाटोळं करणं हे शब्दशः गोलालाच गोल करणं झालं.

मराठीत आकाराच्या नावापेक्षा आत काय चाललंय याला भाव जास्त. आषाढीला कोल्हापुरातून नंदवाळला दिंडी जाते, तेव्हा पुईखडीला रिंगण होतं. मधे पालखी, भोवती टाळकरी आणि अश्वाची दौड. तिथे कुणी 'वर्तुळ' म्हणणार नाही, कारण रिंगणात धाव आहे. निवडणुकीच्या 'रिंगणात' माणूस उतरतो तोही या धावेमुळेच. कोल्हापूरच्या कुस्त्यांच्या खासबाग मैदानाचंही तसंच. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ चं हे मैदान गोल आहे, मधे तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. पण कुस्तीशौकिनाच्या तोंडी 'हौदा' आणि 'आखाडा' हेच शब्द.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप या बाबतीत बघण्यासारखा आहे. छताला मधोमध मोठा गोल झरोका, तो पेलणारे खांबही गोलात उभे, आणि बरोब्बर खाली जमिनीवर तशीच गोल शिळा. कार्तिक पौर्णिमेला चंद्र झरोक्यावर येतो म्हणून लोक रात्री जागतात. इथलं वरचं वर्तुळ रिकामं आहे, पण त्याला शून्य म्हणायला जीभ वळत नाही. वर आकाश आहे ना!

बाकीच्यांचं थोडक्यात. फिरतं ते 'चक्र', मग ते अशोकचक्र असो की दुष्टचक्र. चंद्राभोवती पडतं ते 'खळं'. माणसं हात धरून गर्दी अडवतात ते 'कडं', आणि झिम्म्यासाठी धरतात तो 'फेर'. 'गोल' शब्द बोलताना कुठेही चालतो, गणितात मात्र तो चेंडूसारख्या आकारासाठी राखलेला आहे.

म्हणून बोधचिन्हाचं वर्णन लिहिताना 'वर्तुळाकार' लिहा. 'वाटोळे' लिहिलंत तर व्याकरण तुमच्या बाजूनं असेल, पेठ नसेल. आणि जाता जाता, 'राजकीय वर्तुळात चर्चा' हे बातम्यांनी इंग्रजीवरून आणलेलं वर्तुळ. चुकीचं म्हणणार नाही, पण 'गोटात' असा ठसठशीत शब्द घरात असताना मी तरी ते वर्तुळ वापरणार नाही.