टॉम क्रूझ ‘जॅक रीचर’ म्हणून चुकीचा होता का? आणि आवडत्या थ्रिलरवर सिनेमा येणार असेल तर कलाकारांची मनातली यादी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की ली चाइल्डच्या थ्रिलर कादंबऱ्यांचा नायक जॅक रीचर याच्या भूमिकेवरून वाचक अजून का कुरकुरतात, स्वतःची यादी करताना काय बघावं, आणि ती यादी लेखकाला पाठवून काही फायदा होतो का. पहिल्या प्रश्नावर माझं डोकं तापतं, त्यामुळे बहुतेक जागा तोच खाणार.

क्रूझ चुकीचा होता. तो वाईट नट आहे म्हणून नव्हे. २०१२ चा ‘जॅक रीचर’ सिनेमा बरा आहे, क्रिस्टोफर मॅक्वॉरीने नीट बांधलाय, खर्च साधारण ६ कोटी डॉलर आणि जगभरची कमाई २१ कोटींच्या वर. पडला वगैरे अजिबात नाही. पण ली चाइल्डच्या पुस्तकांतला रीचर ६ फूट ५ इंच, वजन २५० पौंडांपर्यंत, म्हणजे ११३ किलो, छाती ५० इंच. क्रूझ ५ फूट ७ इंच. दहा इंचांचा फरक. यावर दरवेळी कोणीतरी तेच ठरलेलं वाक्य फेकतं: ‘अभिनय बघा हो, उंचीचं काय घेऊन बसलात!’ हे वाक्य ऐकलं की समजावं, समोरच्याने पुस्तक वाचलेलं नाही किंवा विमानात झोपेत वाचलंय.

कारण रीचरचं शरीर हे वर्णन नाही, कथानकाच्या यंत्राचा भाग आहे. काढला तर गाडी चालते, पण आवाज वेगळा येतो. पहिला सिनेमा ‘वन शॉट’ या २००५ च्या कादंबरीवर आहे. त्यात बारबाहेर पाच जण रीचरला गाठतात. पुस्तकात पाच का? कारण या माणसाच्या अंगावर एकटा-दुकटा येणारच नाही. तो शांतपणे त्यांना समजावतो की आधी कोण पडणार आणि कोण पळणार, आणि हे बोलणं फुशारकी वाटत नाही, कारण समोरच्यांना तो दिसतोय. पडद्यावर तेच पाच जण क्रूझसमोर उभे राहिले की प्रेक्षकाला पोरांची नव्हे, त्याची काळजी वाटते. तो जिंकतो तेव्हा मजा येते, पण ती ‘बारक्याने मोठ्यांना लोळवलं’ याची मजा आहे. प्रसंग तोच, अर्थ उलटा.

त्याच कथेत एका मुलीचा एकाच ठोशाने जीव जातो आणि संशय रीचरकडे वळवला जातो. पुस्तकात हा डाव आपोआप बसतो. गावात नुकताच आलेला, एवढ्या ताकदीचा अनोळखी माणूस, पोलिसांनी दुसरं कोणाकडे बघायचं? ५ फूट ७ इंचांच्या माणसावर तोच संशय टिकवायला जास्त आधार लागतो. म्हणजे उंची कमी केली की पटकथेला कुठेतरी ती भरून काढावी लागतेच.

मारामारीचंही तेच. पुस्तकातला रीचर वजनाने मारतो: कोपर, कपाळ, अंगाचा भार. क्रूझसाठी ‘केसी’ नावाची पद्धत घेतली, ज्यात हात डोक्याभोवती ठेवून अगदी जवळून कोपरांनी लढतात. निवड हुशारीची होती, कारण लांबून मारलेला ठोसा वजनाशिवाय खोटा दिसतो आणि जवळच्या लढाईत उंची कळत नाही. पण हा डोक्याने बेतलेला उपाय आहे, रीचर नाही.

‘कॅमेऱ्याने उंची वाढवता येते’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. सेटवर ॲपल बॉक्स नावाचे लाकडी खोके असतात: पूर्ण ८ इंच, अर्धा ४, पाव २ आणि सगळ्यात पातळ १ इंचाचा. दोघं उभे राहून बोलतायत आणि फ्रेम कमरेच्या वरची आहे, तर आठ इंच आरामात निघतात. माणूस चालायला लागला की खोका संपला. मग फळ्यांचा लांब पट्टा टाकायचा, नाहीतर बाहेरच्या जागेवर समोरच्याला चरातून चालवायचं. वाइड शॉटमध्ये दोन्ही उघडं पडतं. कॅमेरा कमरेखाली ठेवून २४ किंवा २८ एमएमच्या लेन्सने जवळून घेतलं तर माणूस मोठा वाटतो, पण मग छत फ्रेममध्ये येतं आणि वर टांगलेले दिवे हलवावे लागतात; शिवाय असा प्रत्येक शॉट ‘बघा, किती भारी माणूस’ असं ओरडत राहतो. एवढं करून उंची चोरता येते, रुंदी नाही. कोटात पॅडिंग घातलं तर मान आणि मनगटं चुगली करतात. दारातून आत येताना चौकट भरून जाणं, पुढ्यातला कप हातात खेळण्यासारखा दिसणं, यासाठी शरीरच लागतं.

आता २०२२ ची ॲमेझॉनची मालिका बघा. ॲलन रिचसनसुद्धा पुस्तकाएवढा उंच नाही, सहा फूट दोन-तीन इंच आहे. तरी तक्रार नाही. कारण प्रेक्षक इंच मोजत नाही, शेजारच्याशी तुलना करतो. फ्रेममध्ये इतर माणसं, टेबलं, गाड्या यांच्या मानाने तो प्रचंड दिसला की काम झालं. म्हणून यादी करताना एकट्या नायकाचं नाव लिहून थांबणं निरर्थक आहे. त्याच्या शेजारी कोण उभं राहणार, तेही लिहा.

मग क्रूझ आलाच कसा? पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात उत्तर आहे: निर्मात्यांच्या यादीत त्याचंही नाव. जिथे स्टारच निर्माता असतो तिथे मुख्य भूमिकेची निवड झालेलीच नसते, ती आधीच ठरलेली असते. त्यात ६ कोटींचा सिनेमा परदेशांत विकायचा तर नाव लागतं. कादंबरी कितीही खपली तरी वितरक चेहरा विचारतो. मालिकेचं गणित वेगळं, तिथे पुस्तकाचं नावच विकलं जातं, म्हणून कमी माहितीतला पण मापाचा माणूस परवडतो. तुमच्या आवडत्या थ्रिलरची बातमी आली की आधी हे बघा: सिनेमा की मालिका, आणि हक्क कोणत्या कंपनीकडे. ती कंपनी एखाद्या नटाची असेल तर तुमच्या यादीतलं पहिलं नाव खोडून टाका, वेळ वाचेल.

यादी करायची माझी रीत सोपी आणि जरा निर्दय आहे. पुस्तक पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा. शरीराचं, चेहऱ्याचं, वयाचं जे जे वर्णन येईल त्याखाली रेघ. मग एकेक वर्णन मनातल्या मनात खोडा आणि विचारा, यामुळे कोणता प्रसंग कोसळतो? कुठलाच नाही, तर ते वर्णन विसरा. डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, गालावरची खळी बहुतेक वेळा इथेच गळतात. एखादा प्रसंग कोसळत असेल तर ते वर्णन पक्कं, आणि त्यात न बसणाऱ्या नटाला यादीतून काढा, तो कितीही आवडता असो.

‘गॉन गर्ल’ हे याचं उत्तम उदाहरण. बायको बेपत्ता झालेला निक पत्रकारांसमोर तिच्या फोटोशेजारी उभा राहून नको त्या क्षणी हसतो आणि सगळा देश त्याच्या विरोधात जातो. इथे उंची, केस, काही महत्त्वाचं नाही. ते हसू महत्त्वाचं. दिग्दर्शक डेव्हिड फिंचरने या भूमिकेसाठी बेन ॲफ्लेकचे हसरे फोटो इंटरनेटवर शोधून बघितले होते, हे त्याने स्वतः सांगितलंय. याला म्हणतात कास्टिंग. कोणता स्नायू कथा चालवतो ते ओळखायचं.

दुसरं, केइगो हिगाशिनोचं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. (वाचलं नसेल तर हा परिच्छेद सोडा.) गणिताचा शिक्षक इशिगामी थोराड, गोल चेहऱ्याचा, केस विरळ झालेला, वयापेक्षा मोठा दिसणारा. हा माणूस जुन्या मित्राला सहज म्हणून जातो की तू अजून कसा तरुण दिसतोस, आणि मित्राच्या डोक्यात दिवा पेटतो: याला कधीपासून स्वतःच्या दिसण्याची पर्वा वाटायला लागली? म्हणजे कोणीतरी आवडलंय. हा धागा चालायचा तर नट देखणा असून चालत नाही. २००८ च्या जपानी सिनेमात शिनिची त्सुत्सुमी होता, जो मुळात देखणा. त्याला खांदे पाडून, मान खाली घालून ते देखणेपण दाबावं लागलं. जमलं, पण कष्ट दिसतात. २०२३ च्या हिंदी ‘जाने जान’मध्ये जयदीप अहलावतला टक्कल पाडलं, तो उंचापुरा, पुस्तकातल्या इशिगामीसारखा मुळीच नाही, तरी स्वतःला आरशात बघणं नको वाटणारा माणूस म्हणून पटतो. इथे मात्र अभिनयवाल्यांना एक गुण देतो. फक्त एक.

थ्रिलरमध्ये आणखी एक सापळा आहे जो याद्या करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही: कलाकारांची निवडच रहस्य फोडते. चार अनोळखी संशयित आणि पाचवा नावाजलेला नट, ज्याला पहिल्या तासात तीनच संवाद आहेत. खुनी कोण, हे आजीसुद्धा सांगेल. आपल्या मराठी मालिकांत तर नेहमीचा खलनायक सज्जन डॉक्टर म्हणून आला की घराघरात निकाल लागतो. उपाय दोनच. सगळे संशयित सारख्या वजनाचे घ्या, जसं सिडनी ल्युमेटने १९७४ मध्ये ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये डबाभर स्टार बसवले. नाहीतर सगळेच अनोळखी घ्या. मधलं काही चालत नाही. म्हणून यादी करताना खुन्याचं नाव शेवटी भरा, आणि आधी भरलेल्या नावांच्या मानाने ते जास्त चमकतंय का ते बघा.

अनोळखीपण कधीकधी भूमिकेचीच गरज असते. ‘द डे ऑफ द जॅकल’चा मारेकरी गर्दीत विरघळणारा माणूस आहे. १९७३ च्या सिनेमासाठी फ्रेड झिनेमनने मुद्दाम मोठा स्टार टाळून एडवर्ड फॉक्सला घेतलं. ज्याला रस्त्यात कोणीही ओळखेल असा चेहरा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या पोलिसांना सापडत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार?

वयाचं गणित मात्र हमखास चुकतं. कादंबरीचे हक्क आधी पर्यायावर घेतात, म्हणजे पूर्ण विकत न घेता साधारण १२ ते १८ महिन्यांसाठी राखून ठेवतात, वर मुदतवाढ. मग पटकथा, पैसा, तारखा. बातमी आली म्हणजे सिनेमा आला असं नाही. नटाच्या आजच्या वयात निदान तीन वर्षं मिळवा. मालिका असेल तर जितके हंगाम तितकी वर्षं आणखी. आज ४५ ला बरोबर वाटणारा तिसऱ्या हंगामात पन्नाशीत असेल, आणि भिंतीवरून उड्या मारणारा नायक असेल तर विमा कंपनीही बोलते. लहान मुलांच्या भूमिकांना नावच लिहू नका; शूटिंगपर्यंत त्याला मिसरूड फुटलेलं असतं.

आणि आपल्याकडच्या याद्यांबद्दल स्पष्टच बोलतो: कोणतीही मराठी रहस्यकथा घ्या, वाचकांच्या यादीत तीच चार-पाच नावं फिरतात. हा कास्टिंगचा विचार नाही, आवडत्या नटांची हजेरी आहे. पेन्सिलची परीक्षा लावली तर त्यातली निम्मी नावं पहिल्या पन्नास पानांत गळतील, आणि प्रायोगिक रंगभूमीवर काम करणारी, तुम्हाला चेहऱ्याने माहीत पण नावाने माहीत नसलेली माणसं वर येतील.

आता उशिरा का होईना, सूट देतो. शरीर पुस्तकासारखंच हवं असा माझा नियम नाही. रॉबर्ट ब्लॉकच्या ‘सायको’त नॉर्मन बेट्स चाळिशीचा, स्थूल, चश्मेवाला आहे. हिचकॉकने तिथे सडपातळ, तरणाबांड अँथनी पर्किन्स घेतला आणि कथा सुधारली, कारण पुस्तकातला बेट्स बघताक्षणी खटकतो, सिनेमातल्यावर आपण विश्वास टाकतो. वर्णन खोडलं आणि काहीच कोसळलं नाही, उलट भक्कम झालं. माझी परीक्षा इथेही पास. तसंच, क्रूझच्या बाजूने एवढं म्हणेन की ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ची लेखिका ॲन राइस हिने त्यातल्या लेस्टाट या पिशाच्चाच्या भूमिकेत त्याला घ्यायला आधी जाहीर विरोध केला होता आणि सिनेमा पाहिल्यावर वर्तमानपत्री जाहिरात देऊन कौतुक केलं. म्हणजे त्याला घेणं ही दरवेळी चूक नसते. रीचरच्या वेळी होती.

लेखकाला कळवण्याबद्दल: कळवा, टपालखर्च तुमचा. करारात लेखकाला बहुतेक वेळा सल्ला देण्याचा हक्क असतो, मंजुरीचा नसतो, आणि तो सल्लाही ऐकलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नसतं. शिवाय करार झाल्यावर लेखक जाहीरपणे निर्मात्याच्या विरोधात बोलत नाही. चाइल्डने सुरुवातीला क्रूझची बाजूच घेतली होती. रीचरचा आकार म्हणजे न थांबणाऱ्या शक्तीचं रूपक आहे आणि क्रूझ ती शक्ती आपल्या पद्धतीने दाखवतो, अशा अर्थाचं तो बोलला, पहिल्या सिनेमात पोलिस म्हणून क्षणभर झळकलाही. दुसरा सिनेमा २०१६ मध्ये आला, आणि २०१८ मध्ये त्याच चाइल्डने मुलाखतीत मान्य केलं की शेवटी वाचकांचंच बरोबर होतं, रीचरचा आकार खरोखर महत्त्वाचा आहे. ‘उंचीचं काय घेऊन बसलात’वाल्यांनी आता त्याच्याशी वाद घालावा.