मनोबल कमी पडते की प्रशिक्षण?

प्रश्न : माझा मुलगा केंद्रीय राखीव पोलीस दलात भरती झाला आहे. पुढे नक्षलग्रस्त भागात नेमणूक होऊ शकते. संख्या आणि हत्यारे जास्त असूनही जवान का मारले जातात?
– एक पालक, कळवा (ठाणे)

उत्तर : मनोबल आणि प्रशिक्षण वेगळे काढता येत नाही. तीन-चार दिवस जंगल तुडवून दमलेली तुकडी परतताना सोपी पायवाट धरते. जवान एकमेकांना चिकटून चालू लागतात, बाजूच्या टेकाडावर आधी माणसे चढवायचा कंटाळा होतो. घात नेमका तिथेच लागतो. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटल्याला (छत्तीसगड, तेव्हाचा दंतेवाडा जिल्हा) ७६ जवान मारले गेले. ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही आणि नेतृत्व कमी पडले, असे चौकशीत दिसले. गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली. तिकडे खासगी गाडीने निघालेले १५ पोलीस आणि चालक जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात गेले. जाळपोळ करून मदतीला येणाऱ्यांना गाठणे ही जुनीच युक्ती. रस्ता तपासल्याशिवाय गाडी न्यायची नाही, हे प्रत्येकाला शिकवलेले असते. घाईत नेमके तेच सुटते.

गडचिरोलीच्याच तरुणांमधून १९९० साली उभे राहिलेले पोलिसांचे नक्षलविरोधी सी-६० पथक इथे उपयोगी पडले. गोंडी, माडिया बोलता येते, वाटा माहीत, म्हणून भीती कमी. भेदरलेला जवान गावकऱ्यावर हात उगारतो आणि मग त्या गावातून बातमी येणे थांबते.

वैरेंगटे (मिझोराम) आणि कांकेर (छत्तीसगड) इथे जंगलयुद्धाचे चांगले प्रशिक्षण मिळते. पण एकत्र शिकलेली तुकडी एकत्रच ठेवली पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. ऐनवेळी दहा ठिकाणांहून माणसे गोळा केली, तर गोळीबार सुरू झाल्यावर शेजारचा काय करील, हे कुणालाच सांगता येत नाही. रजा ठरल्या तारखेला मिळणे, मच्छरदाणी, गरम जेवण यांनाही तेवढेच महत्त्व आहे.

मुलाला आतापासून पारसिकचा डोंगर चढू द्या. आठवड्यातून तीनदा, पाठीवर पाच किलो. दर आठवड्याला एक किलो वाढवा, दहावर थांबा. बूट आधीच पायात रुळवून घ्या. टाचेला फोड आलेला माणूस झाडी सोडून पायाकडे बघत चालतो. आणि पुढे जंगलातल्या चौकीवरून दोन-तीन दिवस फोन आला नाही, तर तो नेटवर्क शोधत एकटा बाहेर पडेल असा तगादा घरून लावू नका.