ऑफिसचा फाइल सर्व्हर सकाळ-संध्याकाळ रखडतो. सगळ्या डिस्क बदलून एसएसडी टाकाव्यात का?

लगेच नको. आधी डिस्क नेमक्या कशावर अडतायत ते बघा. तुम्ही लिहिलंय की माणसं ५०, लिनक्सवर सांबा (विंडोजच्या मशीनना फाइली वाटणारं सॉफ्टवेअर), कार्डावरच्या रेड ५ मध्ये (डिस्क एकत्र जोडून एक गेली तरी डेटा वाचवणारी रचना) ४ साध्या ७२०० आरपीएमच्या डिस्क, आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास एक्सेलची फाइल उघडायला अर्धा मिनिट लागतो. व्हेंडरने ५ जीबीची फाइल कॉपी करून ११० एमबी प्रति सेकंद वेग दाखवला, ‘सर्व्हर ठणठणीत आहे’ म्हणाला, आणि त्याच दमात एसएसडीचं कोटेशन दिलं. म्हणजे ठणठणीत आहे, पण बदला!

त्या ११० च्या आकड्याला फसू नका. ती तुमच्या गिगाबिट नेटवर्कची मर्यादा आहे, डिस्कची नव्हे. शिवाय एकच मोठी फाइल सलग वाचणं हे डिस्कसाठी सगळ्यात सोपं काम. ५० माणसं ५० ठिकाणच्या बारीक फाइली मागतात तेव्हा काय होतं ते बघा. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि हेड तिथवर सरकायला आणखी ८-९. सगळं मिळून एका मागणीला १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे एक डिस्क सेकंदाला जेमतेम ७५-८० मागण्या पुऱ्या करते. चार डिस्कांच्या झाल्या सुमारे ३२०. त्यात रेड ५ वर एक बारीक राइट करायचं तर आधी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशेब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा: एकाची चार कामं. म्हणजे ३२० चे उरले ८० राइट. ५० माणसांत ८०.

आता तुम्ही म्हणाल, आमचे लोक सकाळी फाइली फक्त उघडतात, लिहितं कोण? एक्सेल लिहितं. फाइल उघडल्याबरोबर ते शेजारी टिल्ड आणि डॉलरने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल बनवतं, ‘ही फाइल अमक्याकडे उघडी आहे’ हे नोंदवायला. आणि सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहून मग तिचं नाव बदलतं. त्यामुळे राइटची रांग तुंबली की उघडणंही तुंबतं.

आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. मी तेव्हा पुण्यात एका सीएच्या ऑफिसात सिस्टिम बघायचो. जुलै महिना, रिटर्न्सची धांदल, आणि सगळे माझ्या टेबलाभोवती. आयओस्टॅट (डिस्कवरचा ताण दाखवणारी कमांड) एक्स्टेंडेड पर्याय देऊन दर ५ सेकंदांनी चालू ठेवलं. (पहिला आलेला तक्ता सोडून द्या, तो सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो.) वाचण्याचा अवेट (एका मागणीला लागणारा सरासरी वेळ) १५-२० मिलिसेकंद, लिहिण्याचा २०० च्या वर. शेवटचा युटिलचा (डिस्क किती टक्के वेळ कामात होती त्याचा) रकाना १०० दाखवत होता, पण रेडवर तो फारसा विश्वासाचा नाही, कारण मागे चार डिस्क असल्या तरी लिनक्सला एकच दिसते. अवेट आणि रांगेची लांबी, हे दोनच आकडे बघा.

वाचणं ठीक आणि लिहिणं दहापट मंद, म्हणजे संशय रेड कार्डाच्या कॅशवर, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या मेमरीवर. मशीन बंद करून उघडलं तर कार्डावरची चपटी बॅटरी पापडासारखी फुगलेली. ही बॅटरी असते तोवर कार्ड डेटा स्वतःच्या मेमरीत घेऊन लगेच ‘लिहिलं’ म्हणून मोकळं होतं आणि डिस्कवर सवडीने, ओळीने लावून उतरवतं. याला राइट-बॅक म्हणतात. बॅटरी गेली की कार्ड गुपचूप राइट-थ्रूवर जातं, म्हणजे डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत समोरच्याने थांबायचं. कुठे लाल दिवा नाही, काही नाही. कंट्रोलरच्या लॉगमध्ये एक ओळ, ती दोन महिन्यांपूर्वीची. नवी बॅटरी टाकली, लिहिण्याचा अवेट एक आकडी झाला. काही कार्डं मधूनमधून बॅटरी मुद्दाम रिकामी करून तपासतात, तेवढ्या वेळातही हेच होतं. त्या तपासणीची वेळ रविवारची ठेवा.

एक मोह टाळा: बॅटरी नसताना सेटिंगमधून जबरदस्तीने राइट-बॅक चालू करता येतं. वेग दिसेल, पण ज्या दिवशी लाइट जाईल किंवा पॉवर सप्लाय उडेल त्या दिवशी कार्डातलं न उतरलेलं सगळं जाईल. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पॉवर सप्लाय यूपीएसच्या पुढे असतो.

बॅटरी ठीक निघाली तर? मग क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारं) बघा. हसू नका, दुसऱ्या एका ठिकाणी बॅकअप रात्री १० चा म्हणून तासाच्या जागी २२ ऐवजी १० लिहिलं होतं, आणि रोज सकाळी दहाला सर्व्हर स्वतःच स्वतःला वाचत बसायचा. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅनही याच जातीचं.

मग रॅम. फ्री कमांडमध्ये बफर-कॅशचा आकडा बघा. लिनक्स रिकामी रॅम फाइली धरून ठेवायला वापरतं, त्यामुळे ८ ची ३२ जीबी केली की रोजच्या फाइलींचं वाचणं डिस्कपर्यंत जातच नाही आणि डिस्क लिहायला मोकळ्या राहतात. नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवण्याची सेटिंग) लावायचा सल्ला सगळीकडे मिळेल. लावा, पण २००९ पासून लिनक्समध्ये रिलएटाइम (ती वेळ क्वचितच नोंदवणं) आपोआपच असतं, तेव्हा फरक फारसा जाणवणार नाही.

एवढं करूनही रांग राहिली तर खर्च करा, पण सगळ्याचा नको. टॅलीचा डेटा आणि चालू वर्षाची फोल्डरं दोन एसएसडींच्या मिररवर (दोन्हींवर तोच डेटा) हलवा. वीज गेल्यावर डेटा सांभाळणाऱ्या, सर्व्हरसाठीच्याच घ्या. जुनी वर्षं राहू देत फिरत्या डिस्कवर, त्यांना कोण हात लावतंय. कोणाची आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाइल) शेअरवर असेल तर ती त्याच्या मशीनवर परत पाठवा, नेटवर्कवर पीएसटी ठेवू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. रेड ५ ची रेड १० (डिस्कांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत तोच डेटा दोनदा) केलीत तर राइट ८० चे १६० होतील, पण जागा १२ टीबीची ८ होईल आणि मध्ये सगळा डेटा बाहेर काढून परत भरावा लागेल. मी तरी बॅटरी बघितल्याशिवाय त्या वाटेला जाणार नाही.

उद्या साडेदहाला ५ मिनिटं आयओस्टॅट चालवा आणि वाचण्या-लिहिण्याचे दोन्ही अवेट, रांगेची लांबी आणि कार्डाच्या बॅटरीची स्थिती कॉमेंटमध्ये टाका. व्हेंडरला तोवर हो म्हणू नका.