बशीतल्या चहावरची फुंकर

वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणाऱ्या ताई ३१ वर्षं शासकीय रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर लोणावळ्याला योगशिक्षण घेऊन आता सांगलीत वर्ग घेतात.)

प्रश्न : मी ४६ वर्षांची, इचलकरंजीत प्राथमिक शिक्षिका. गेले चार महिने पहाटे तीनला जाग येते. छातीत धडधडतं, काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. मिस्टर म्हणतात, "दीर्घ श्वास घे." मी घेते, तर बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि भीती दुप्पट होते. मला साधा श्वाससुद्धा घेता येऊ नये? (नाव छापू नये)

बाई, श्वास तुम्हाला येतोय. जरा जास्तच येतोय, दुखणं तिथंच आहे.

मी कॅज्युअल्टीत रात्रपाळीला असायचे, तेव्हा अशा बायका, पोरी नेहमी यायच्या. बारावीच्या निकालाच्या दिवसांत तर हमखास. बोटं आखडून पक्ष्याच्या चोचीसारखी झालेली, ओठ बधिर, आणि सोबतचा काका घाबरून ओरडतोय, "श्वास घे गं, मोठ्ठा श्वास घे!" ती बिचारी आज्ञाधारकपणे घेतेय. काकांना आधी बाकावर बसवायचं आणि मग पोरीकडे बघायचं, हा आमचा क्रम.

होतं काय, तर मोठमोठे, भराभर श्वास घेतल्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच पुरेसा असतो. कार्बन डायऑक्साइड मात्र भसाभस बाहेर पडतो. आपण त्याला निव्वळ टाकाऊ समजतो, पण तो ठरावीक प्रमाणात रक्तात लागतो. कमी पडला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्तातल्या कॅल्शियमचं गणित हलतं, म्हणून मुंग्या. तुम्ही वेड्या झालेल्या नाही आणि तुमचा प्राणायामही चुकलेला नाही. फक्त मिस्टरांनी सल्ला उलटा दिला. (त्यांच्यावर रागावू नका, निम्मा महाराष्ट्र हाच सल्ला देतो.) तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय कुणी सुचवला तर करू नका. आम्हीही एकेकाळी लावायचो. पण धडधड हृदयाची किंवा दम्याची निघाली तर त्या पिशवीनं जिवावर बेततं.

म्हणून पहिलं काम आसनाचं नाही, डॉक्टरांचं. ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं बघून घ्या. ४६ हे वय पाळी जायच्या आसपासचं. त्या दिवसांत रात्री घाम येणं, धडधडणं, झोप मोडणं हे बऱ्याच जणींना होतं आणि बऱ्याच जणी ते "टेन्शन" म्हणून अंगावर काढतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका. आणि छातीत दुखून हात, जबडा भरून आला, तर माझं उत्तर वाचत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

सगळं ठीक निघालं, की पहाटे तीनला एवढं करा. उताणं पडून छताकडे बघत राहू नका. पालथ्या व्हा, दोन्ही हातांची घडी कपाळाखाली, पाय सैल. हे मकरासन. पोट गादीवर टेकलेलं असल्यानं श्वास कुठं चाललाय ते पोटालाच कळतं, तुम्हाला शोधावं लागत नाही. पालथं झोपवत नसेल तर पलंगाच्या कडेला बसून तळवे गार फरशीवर टेका. श्वास नाकानं येईल तेवढाच येऊ द्या. तो मोठा करायचा नाही. सगळं लक्ष बाहेर जाणाऱ्या श्वासावर, तो मात्र लांबवायचा. कसा? बशीत ओतलेल्या चहावर आपण फुंकर घालतो ना, तसा. चूल पेटवायची फुंकर नको, त्यात राख उडते. बशीतला चहा हलला पाहिजे, पण सांडता कामा नये, एवढीच. घेताना मनात तीन आकडे, सोडताना पाच. जमेल तसे पाचाचे सहा होतील, नाही झाले तर राहू देत. श्वास रोखायचा अजिबात नाही. नऊ-दहा वेळा केलं की मोजणं सोडून द्या.

याचा पडताळा स्वतःच घ्या. दिवसा निवांत बसून मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटांनी नाडी धरा आणि संथ श्वास घ्या. श्वास आत येताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. व्हेगस नावाची नस मेंदूकडून हृदयाकडे जाते, सोडताना ती हृदयाला लगाम लावते. म्हणजे शांत होण्याची सोय शरीरात बसवलेलीच आहे, आणि ती उच्छ्वासाच्या बाजूला आहे. आपण एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ जणांना कॅथलिक जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणायला लावून मोजमाप केलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांत एक छान लय दिसली. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. वाचलं तेव्हा मला आमची आई आठवली. जात्यावर बसली की ओवीची एकेक ओळ दळणाच्या फेऱ्यांबरोबर एका दमात संपवायची. सोडणं लांब, घेणं चुटकीसरशी. सात माणसांच्या रगाड्यात तेवढा तास तिचा. आपण जातं माळ्यावर टाकलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हात भरून यायचे तिचे. पण ओवी तरी ठेवायला हवी होती.

तीन आठवडे करून मला कळवा. आणि तीनला जाग आली की मोबाइलवर किती वाजले ते बघू नका. तीनच वाजलेले असतात.

प्रश्न : वय ६७, निवृत्त कंडक्टर, अंबाजोगाई. दोन्ही गुडघे बदललेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगा म्हणतो, ध्यान मांडी घालूनच लागतं. सून सकाळी कपालभाती करायला बसवते. दोन्ही जमत नाही. मग आम्ही नुसतं टीव्हीसमोर बसायचं का?

दादा, सुनेला माझा नमस्कार सांगा आणि कपालभाती बंद करा. तिचा हेतू चांगला आहे, पण रक्तदाब असलेल्या माणसानं जोरजोरात पोट मारत श्वास फेकणं मला मान्य नाही. अनुलोम-विलोम करा, श्वास न रोखता.

मुलाला विचारा, कुठं लिहिलंय मांडी घालूनच म्हणून? पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत उरकली आहे, 'स्थिरसुखम् आसनम्'. स्थिर आणि सुखाचं. बदललेल्या गुडघ्यांची मांडी घालून तुम्हाला यातलं एकही मिळणार नाही. सर्जननंही नकोच म्हटलं असेल. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी तर खुर्च्या, लोड, पट्टे, लाकडी ठोकळे घेऊन अवघडलेल्या माणसांकडून आसनं करून घेतली, आणि त्यांच्या खुर्च्या आता जगभर गेल्या आहेत. तुम्ही घरातली बिनहाताची, न हलणारी खुर्ची घ्या. प्लॅस्टिकची नको, ती घसरते.

पाठ टेकवू नका, तळवे जमिनीवर. श्वास घेताना दोन्ही हात समोरून खांद्यापर्यंत, सोडताना खाली. हात श्वासापेक्षा पुढे पळता कामा नयेत, श्वास संपेल तेव्हाच ते मांडीवर पोचले पाहिजेत. सहा वेळा. मग मान डावीकडे, उजवीकडे, डबल बेल दिल्यावर गाडी निघते तशी, धक्का न देता. मग घोटे गोल फिरवा. मग भ्रामरी: तोंड मिटून, सोडताना 'म्' असा गुंजारव, पाच वेळा. हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथातल्या आठ कुंभकांत, म्हणजे श्वास रोखण्याच्या प्रकारांत, ती आहे. आपण फक्त गुंजारव घेऊ, रोखणं सोडून देऊ. गुणगुणल्यानं नाकातलं नायट्रिक ऑक्साइड पंधरा पटींनी वाढतं, असं स्वीडनमध्ये २००२ साली मोजलं गेलंय आणि हल्ली मोबाइलवर त्याचा फार गवगवा चालतो. माझ्या मते बरं वाटतं ते मुख्यतः त्यामुळे नाही. गुणगुणताना श्वास घाईनं सोडताच येत नाही, म्हणून.

तुम्ही पत्राच्या शेवटी "पूर्वी वारी करायचो" असं लिहिलंय आणि पुढे काहीच नाही. त्यावरच खरं तर बोलायला हवं. टाळाच्या ठेक्यावर ज्ञानबा-तुकाराम म्हणत पाऊल टाकलंत, ती पावली अंगात असेल ना अजून? सर्जनची परवानगी घ्या आणि अंगणात, एका बाजूला भिंत ठेवून, तसंच चाला. उड्या नाहीत, नुसतं पाऊल. एका 'ज्ञानबा'ला एक, एका 'तुकाराम'ला दुसरं. मुलाला म्हणावं, हे माझं ध्यान. मांडी तू घाल.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे, वय २९. ध्यानाच्या ॲपवर सलग ११२ दिवस झाले. तरी मन दहा सेकंद टिकत नाही, उलट डोळे मिटले की जास्त अस्वस्थ होतो. इगतपुरीच्या शिबिराला जाऊ का?

११२ दिवस तू ध्यान केलंस की आकडा सांभाळलास, हे आधी ठरव.

इगतपुरीला धम्मगिरीला मी जाऊन आले आहे. सत्यनारायण गोएंकांच्या पद्धतीची विपश्यना ध्यानाची शिबिरं तिथं १९७६ पासून चालतात. दहा दिवस, पहाटे चारला घंटा, मौन, मोबाइल जमा, फी नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, तोही जसा असेल तसा. मला वाटलं होतं, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या बाईला यात काय अवघड? दुसऱ्या दिवशी दुपारी मी मनातल्या मनात वॉर्ड नंबर सहाच्या औषधांच्या कपाटाची यादी करत होते. तो वॉर्ड मी पंधरा वर्षांपूर्वी सोडला होता. तिसऱ्या दिवशी रडले, कुणाला कारण सांगायची सोय नव्हती.

शिबिर चांगलं आहे, पण बैठकीची सवय नसताना अस्वस्थता घालवायला म्हणून थेट तिथं जाऊ नकोस. दिवसाला दहा तास बसायचं असतं. घबराटीचे झटके येत असतील किंवा मानसोपचाराची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांशी बोल आणि अर्जात ते लपवू नकोस.

सध्या डोळे उघडेच ठेव. मिटल्यावर अस्वस्थ होणारे बरेच असतात, त्यात कमीपणा नाही. बस थांब्यापासून कंपनीच्या गेटापर्यंत मोबाइल खिशात ठेवून चाल आणि तळपाय कसा टेकतो, एवढंच बघ: टाच, कड, बोटं. मन जाईल. गुराखी पोरगा गुरं उभी राहावीत म्हणून माळावर बसत नाही, ती चरणारच. कुणाच्या जोंधळ्यात शिरली की उठतो, हाकारतो, परत येऊन बसतो. दिवसात चाळीस वेळा उठला तर चाळीस वेळा त्यानं काम केलं. तुझं ॲप मात्र त्याला नापास करेल.

ॲप काढून टाक. १३ दिवसांनी परत लिही.

प्रश्न : नात सांगते, हे सगळं रिकाम्या पोटीच करायचं. मला उठल्याबरोबर चहा लागतो. आधी चहा की आधी प्राणायाम? (वय ७४, कराड)

रिकाम्या पोटी म्हणजे जेवल्यावर लगेच नको, तीन-चार तास जाऊ द्या, एवढंच. अर्ध्या कप चहानं काही बिघडत नाही, उलट चहावाचून बसलात तर सगळं लक्ष स्वयंपाकघरात. मी स्वतः आधी अर्धा कप घेते, बशीत ओतून. उरलेला अर्धा भ्रामरीनंतर, तोवर तो गार झालेला असतो आणि परत तापवावा लागतो.