लोक माहिती कोणाला विचारतात, हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो का?

तासगाव तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. ती समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुट्टीत वडिलांच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर बसते. द्राक्षबागायतदार रोगट पान घेऊन येतात, औषधाच्या डब्यातील माहितीपत्रक उघडतही नाहीत, आणि ‘शेजारच्या बागेत काय मारलं?’ हे आधी विचारतात. मोबाइलवर आलेला सल्लाही दुकानात आणून ‘हे खरं का?’ म्हणून दाखवतात, असे तिने लिहिले आहे. लोक माहिती कुठे शोधतात आणि कोणावर विश्वास ठेवतात, याचाच पुढे अभ्यास करावा असे तिला वाटते. एका प्राध्यापकांनी तिला ग्रंथालयशास्त्राकडे जाण्यास सुचवले, तर ‘पुस्तकांना नंबर घालायला एवढं शिकायचं कशाला?’ असा वडिलांचा प्रश्न आहे.

प्रिय विद्यार्थिनी,

तुमच्या प्राध्यापकांनी योग्य दिशा दाखवली आहे. तुम्ही ज्याविषयी लिहिले आहे त्या अभ्यासक्षेत्राला माहिती-वर्तन म्हणतात आणि ते ग्रंथालय व माहितीशास्त्र या विद्याशाखेतच वाढले. १९४८ साली लंडनमध्ये रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने वैज्ञानिक माहितीविषयी परिषद भरवली, तेव्हा शास्त्रज्ञ प्रत्यक्षात काय वाचतात, कसे शोधतात याची पाहणी मांडली गेली. तेथून हा विषय शास्त्रज्ञांकडून विद्यार्थ्यांकडे, रुग्णांकडे, शेतकऱ्यांकडे आणि सामान्य माणसाच्या रोजच्या व्यवहारांकडे सरकत आला. आपल्याकडे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. वाचक कसा शोधतो हे ठाऊक नसेल तर त्याचा वेळ वाचवता येत नाही. पुस्तकांना नंबर घालणे हे त्या कामाचे साधन आहे, हे वडिलांना शांतपणे सांगता येईल.

काउंटरवर तुम्ही जे पाहता ते या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. रॉबर्ट टेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये असे दाखवले की मनातली मूळ गरज शब्दात येईपर्यंत चार पायऱ्या उतरते, आणि ग्रंथपालापुढे येतो तो तडजोड झालेला प्रश्न. ‘डावणीचं (द्राक्षावरील एका बुरशीजन्य रोगाचं) औषध द्या’ असे म्हणणाऱ्या बागायतदाराला बहुधा औषधाचे नाव नको असते. काढणीला थोडे दिवस उरलेले असताना ही फवारणी चालेल का, मण्यात औषधाचा अंश सापडून माल नाकारला जाईल का, ही त्याची चिंता असते. पण तो दुकानात आला आहे, म्हणून दुकानात मिळणाऱ्या वस्तूच्या भाषेत विचारतो. त्याला दोन प्रश्न उलट विचारून मूळ गरजेपर्यंत नेणे हे शिकण्याजोगे कौशल्य आहे आणि संदर्भसेवेच्या, म्हणजे वाचकाच्या प्रश्नाला उत्तर शोधून देण्याच्या, अभ्यासक्रमात ते शिकवतात.

शेजाऱ्याला आधी विचारण्यात अडाणीपणा नाही, हेही नोंदवून ठेवा. २००३ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५९ व्या फेरीत शेतकरी कुटुंबांना नव्या तंत्राची माहिती कोठून मिळते हे विचारले गेले. सुमारे ४० टक्के कुटुंबांनी कोणत्या ना कोणत्या स्रोताचा उपयोग केला होता. त्यात सर्वांत वर इतर प्रगतिशील शेतकरी होते, १६.७ टक्के, त्यानंतर निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) विक्रेते आणि रेडिओ प्रत्येकी सुमारे १३ टक्के, तर शेतकऱ्यांना सल्ला देणारे सरकारी विस्तार कर्मचारी सहा टक्क्यांच्याही खाली. शेजाऱ्याच्या बागेतील माती, पाणी आणि हवामान आपल्यासारखेच असते, आणि फवारणीचा परिणाम बांधावरून डोळ्यांनी पाहता येतो. पत्रकावरील बारीक अक्षर ही खात्री देऊ शकत नाही. वाचता येते की नाही एवढाच मुद्दा धरून बसलेला संशोधक येथे फसतो.

मात्र काउंटरवरून एक गोष्ट दिसत नाही, आणि मला स्वतःला या विषयात तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. दुकानात येतो तो विचारणारा माणूस. न विचारणारा तुमच्या नोंदीत येतच नाही. एल्फ्रेडा चॅटमन या अमेरिकन अभ्यासिकेने तेथील सफाई कामगार, वृद्ध स्त्रिया, तुरुंगातील महिला यांच्यात राहून-मिसळून अभ्यास केला आणि १९९६ मध्ये मांडले की गरज असूनही माणसे माहिती मागत नाहीत, कारण मागताना आपली अडचण परक्यापुढे उघडी पडते आणि त्या धोक्यापेक्षा गप्प राहणे त्यांना परवडते. ज्याची मागील उधारी थकली आहे तो बागायतदार तुमच्या दुकानाची पायरी चढेल का? बागेत विरळणी करणाऱ्या, फवारणीनंतर त्याच ओळीत हात घालणाऱ्या मजूर बायका औषधाविषयी कोणाला विचारतात? असे प्रश्न घेऊन कोणी खेड्यात गेले पाहिजे, आणि समाजशास्त्राची पार्श्वभूमी असलेली तुमच्यासारखी मुलगी ते काम चांगले करील.

आता अभ्यासक्रमाविषयी स्पष्ट बोलतो. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी आणि मग पदव्युत्तर पदवी घेता येते. काही विद्यापीठांत दोन्ही मिळून दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. तुम्हाला कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ जवळचे. पुणे, मुंबई, नागपूर येथील विद्यापीठांत आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातही हा विभाग आहे. बंगळुरूला रंगनाथन यांनीच १९६२ मध्ये स्थापन केलेले डीआरटीसी (डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर) हे केंद्र भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे, तेथे प्रवेशपरीक्षा असते आणि भर ज्ञानाच्या मांडणीवर व संगणकावर अधिक असतो. कोठेही गेलात तरी वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणे), ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर यांनाच बराच वेळ द्यावा लागेल आणि तुमच्या आवडीचा भाग एखाद-दुसऱ्या पेपरपुरता येईल. ती कसर प्रबंधिकेतून (पदव्युत्तर वर्गातील छोट्या संशोधन-प्रबंधातून) आणि पुढे पीएच.डी.तून भरून काढावी लागते.

पोटापाण्याचे म्हणाल तर महाविद्यालयीन ग्रंथपाल किंवा सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट, किंवा महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट, ही पात्रता परीक्षा आवश्यक आहे. अनुदानित जागा निघण्यास वेळ लागतो, तेव्हा त्या एकाच भरवशावर राहू नका. लोक मोबाइलवरील सेवा कशा वापरतात हे पाहणारे संशोधक सॉफ्टवेअर कंपन्यांना, तसेच आरोग्य आणि शेतीत काम करणाऱ्या संस्थांनाही लागतात. तेथे मुलाखत घेण्याचे, नोंदी लिहिण्याचे आणि थोड्या संख्याशास्त्राचे कौशल्य पाहतात. म्हणून या वर्षीच्या समाजशास्त्रातील संशोधनपद्धतीच्या पेपरकडे नीट लक्ष द्या.

तोवर एक वही घाला. आलेल्या माणसाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, येथे येण्यापूर्वी त्याने कोणाला विचारले, आणि अखेर कोणाचे ऐकले, एवढेच लिहा; नाव-गाव लिहू नका आणि कशासाठी लिहिता ते विचारणाऱ्याला सांगा. सविस्तर मुलाखती मात्र दुसऱ्या गावात घ्या, कारण दुकानदाराच्या मुलीपुढे उधारीचे आणि दुकानाविषयीच्या अविश्वासाचे कोणी मोकळेपणाने बोलणार नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी ती वही घेऊन विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटा आणि विचारा की पदव्युत्तर वर्षात प्रबंधिका आहे का, ग्रंथालयाबाहेरच्या लोकांवर ती करू देतात का, आणि मार्गदर्शन कोण करील. या तिन्हींची समाधानकारक उत्तरे जेथे मिळतील तो विभाग, घरापासून थोडा लांब असला तरी, निवडावा.