घोड्याची फेरी: नवख्यांसाठी

बुद्धिबळाच्या पटावरच्या प्रत्येक घरात घोडा एकदाच न्यायचा, ही घोड्याची फेरी जमत नाही म्हणता; पण आपण थेट ६४ घरांना हात घातलात, हीच पहिली चूक. आधी वहीत पाच बाय पाचचा पट आखून कोपऱ्यापासून निघा; कोपऱ्याला लागून असलेल्या घरापासून ही फेरी पूर्ण होतच नाही, कारण घोडा दर चालीला घराचा रंग बदलतो आणि कोपऱ्यांच्या रंगाची घरे १३ व दुसऱ्या रंगाची १२ असतात.

पुढे वॉर्न्सडॉर्फ यांचा १८२३ मधला नियम पुरेल: जिथून पुढच्या मोकळ्या वाटा सर्वांत कमी, त्या घरात घोडा न्यावा.

कोपऱ्याला दोनच वाटा असतात, त्यामुळे तो मागे ठेवू नका. इंदूरला ओसरीवर चिंचोके मांडत मी एकदा ६३ घरे भरली आणि नेमका कोपराच उरला! बंद फेरीचा, म्हणजे शेवटच्या घरातून एका चालीत पहिल्या घरी परतता येईल अशा फेरीचा, विचार तूर्त नको.